पट काढता येतो ना? मग अर्धं काम झालंय

"सर, मी इचलकरंजीजवळच्या गावातला. वय २०, वजन ७० किलो. सहा वर्षं तालमीत आहे, आधी माती, आता मॅटही. दोन वर्षांपासून एमएमएच्या, म्हणजे मारणं-धरणं दोन्ही चालणाऱ्या, लढती बघतोय आणि आपणही उतरावं असं डोक्यात बसलंय. धरता येतं, पाडता येतं, पण मारता येत नाही. काका कराटेचा क्लास चालवतात, ते म्हणतात घरचं सोडून बाहेर कशाला जातोस. मित्र म्हणतो थायलंडचं मुआय थाय सोडून बाकी सगळं शोभेचं. गावाजवळ बॉक्सिंगचा हॉल आहे, मुआय थायसाठी कोल्हापूर गाठावं लागेल. वस्तादांना अजून सांगितलेलं नाही. ठोसे मारायला लागलं की अंग आखडतं, असं ते म्हणतात. एमएमएमध्ये मारण्याची कोणती शैली सगळ्यात जास्त चालते? आणि ग्लोव्ह्ज किती औंसांचे घेऊ?"
– एक पैलवान

पैलवान,

पत्र वाचून आधी थोडा हेवा वाटला. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझं बरोबर उलटं होतं. तीन वर्षं बॉक्सिंग झालं होतं, जिल्ह्यात दोन-चार लढती जिंकलो होतो आणि चालण्यात जरा ऐट आली होती. एकदा मित्राच्या तालमीत गंमत म्हणून एका पोराशी ठरलं : मी मारायचं, त्यानं धरायचं. मी एक जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकला. दुसरा टाकायच्या आत मला तालमीचं आढं दिसायला लागलं. पोरगं जेमतेम सोळा वर्षांचं होतं आणि मला उठवताना "लागलं का हो दादा?" म्हणून काळजीनं विचारत होतं. आजही कुणी शैलींवरून वाद घालायला लागलं की मला ते आढं आठवतं.

उत्तर आधी देऊन टाकतो. बॉक्सिंगच्या हॉलमध्ये नाव घाल. पहिले सहा महिने तेवढंच. मग आठवड्यातून एकदा कोल्हापूरची एसटी धर आणि मुआय थायमधल्या ठरावीक गोष्टी उचल. काकांकडून एकच गोष्ट शीक, पण ती काकांकडूनच. आणि तालीम एक दिवसही सोडू नकोस. हे तुझ्यासाठी, तुझ्या अंगावर बेतलेलं उत्तर आहे. लहानपणापासून पाय उडवत आलेल्या पोरीनं हाच प्रश्न विचारला असता तर मी वेगळं काही सांगितलं असतं. का, ते आता सविस्तर सांगतो, नाहीतर मित्रासमोर तुझी बोलती बंद व्हायची.

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हर शहरात पहिली यूएफसी, म्हणजे एमएमएची सगळ्यात मोठी स्पर्धा, झाली ती तुझाच प्रश्न घेऊन. कोणती शैली भारी? पहिल्याच लढतीत सवात हे फ्रेंच किकबॉक्सिंग खेळणाऱ्या डच जेरार्ड गोर्डोनं सुमोवाल्या टेइला टुलीच्या तोंडावर लाथ घातली आणि दात उडाला. लोकांना वाटलं, झालं, लाथ जिंकली. त्याच रात्री आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. समोर होता हॉयस ग्रेसी, ब्राझीलचा, जुजुत्सूवाला, म्हणजे खाली घेऊन गळा-हात आवळणारा, अंगानं काटकुळा. त्यानं जिमरसनला खाली घेतलं आणि जिमरसननं हार मानली. रात्र संपेपर्यंत ग्रेसीनं गोर्डोचाही गळा आवळला होता. एका रात्रीत तीन जण, आणि एकालाही ठोशानं नाही.

मारणाऱ्यांना मान वर काढायला पुढची पावणेचार वर्षं लागली. जुलै १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरसमोर मार्क कोलमन होता. १९९२ ची ऑलिंपिक खेळलेला कुस्तीगीर, पाडून वर बसायचं आणि चेपायचं हा त्याचा धंदा. कोलमननं त्याला पाडलंही. पण स्मिथ खाली शांत राहिला, मार चुकवत राहिला, कोलमनला दमवलं, उठला, आणि मग दमलेल्या माणसावर लाथा-ठोसे चालवून निकाल आपल्या बाजूनं घेतला. त्याच्या लाथा चार वर्षांत बदलल्या नव्हत्या. तो फक्त खाली टिकायला आणि परत उभं राहायला शिकला होता.

म्हणून तुझ्या मित्राचा वाद मुळातच लंगडा आहे. एमएमएमध्ये मारणं कोणाचं चालतं? ज्याला पाडता येत नाही त्याचं, किंवा ज्याला पाडलं तरी फरक पडत नाही त्याचं. हे जमवायला बॉक्सरला चार-पाच वर्षं घालवावी लागतात. तुझी सहा झालेली आहेत.

आता शैलींकडे. कुस्तीत डाव लागायच्या आधी खडाखडी असते. हात झटकायचे, मान दाबून बघायची, मनगट सोडवायचं, पाय कुठे ठेवतोय ते बघायचं. तू ती करतोस ते दोन हातांच्या अंतरावरून. मारण्याची प्रत्येक शैली म्हणजे अशीच खडाखडी आहे, फक्त वेगवेगळ्या अंतरावरची. कराटेवाला सगळ्यात लांब, दोन पावलं टाकल्याशिवाय पोचता येणार नाही इतका. तायक्वांदोवाला त्याच्या आसपास. मुआय थायवाला पायाच्या अंतरावर. बॉक्सर हाताच्या. आणि मग मानेला मान भिडली की पुन्हा मुआय थाय, गुडघे आणि कोपरं घेऊन. त्याच्याही आत तू. एमएमएच्या पाच मिनिटांच्या एका राउंडमध्ये ही सगळी अंतरं दहा-दहा वेळा येतात-जातात. तुझं स्वतःचं अंतर शेवटचं आहे, आणि तिथे पोचेपर्यंत मधली सगळी गल्ली तुला तोंडावर मार न खाता ओलांडायची आहे. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, जिथून उडी घेतोस त्याच्या लगेच अलीकडचं अंतर बॉक्सिंगचं आहे, म्हणून आधी बॉक्सिंग.

बॉक्सिंगची दुसरी जमेची बाजू, आणि हे मी बॉक्सर म्हणून बोलत नाही, म्हणजे शिकवण्याची पद्धत. जॅब एकटाच महिनाभर घोटून घेतात. समोर माणूस असतो, तो हलतो, तो परत मारतो. आपल्याकडे लहान गावातल्या साध्या हॉलमध्येही हे मिळतं. नुसतं हवेत लाथा मारून बेल्ट मिळण्याचा प्रकार तिथे नाही. कॅनडाचा जॉर्जेस सेंट-पिएर आठवतोय? लहानपणी क्योकुशिन कराटे शिकलेला माणूस. डिसेंबर २०१० मध्ये माँट्रियलला जॉश कॉस्चेक या अमेरिकन विद्यापीठ पातळीवर विजेत्या ठरलेल्या कुस्तीगिराला त्यानं पाच राउंड जवळजवळ एकट्या जॅबवर झोडपलं. कॉस्चेकच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. एवढं एका जॅबनं कसं साधलं? कॉस्चेकला कळतच नव्हतं की पुढचं पाऊल ठोशासाठी आहे की पटासाठी. ती लढत शोधून बघ, आवाज बंद करून बघ, फक्त सेंट-पिएरचा पुढचा पाय बघत बस.

पण हॉलमधलं बॉक्सिंग जसंच्या तसं केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यात, नेलंस तर मार खाशील. तीन ठिकाणी.

एक म्हणजे पुढचा पाय. बॉक्सर आडवा उभा राहतो, पुढच्या पायावर वजन टाकतो, पाय आत वळवतो. त्यामुळे पोटरीची बाहेरची बाजू समोरच्याला ताटात वाढल्यासारखी मिळते. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला एक नस अगदी कातडीजवळून जाते. तिच्यावर नडगी बसली की पाऊल सुन्न पडतं आणि वर उचलता येत नाही. हीच ती काफ किक. जानेवारी २०२१ मध्ये डस्टिन पॉरियेनं कॉनर मॅकग्रेगरचा पुढचा पाय असाच निकामी केला आणि मग हातांनी निकाल लावला. मॅकग्रेगरचे हात वाईट नव्हते. त्याखालचा पाय उरला नव्हता.

दुसरं, वाकणं. बॉक्सिंगमध्ये ठोसा चुकवायला कमरेतून खाली वाकतात, कारण खाली काही येणार नसतं. इथे गुडघा येतो. आणि हा धोका तुला बॉक्सरपेक्षाही जास्त आहे, कारण तू तर मान पुढे काढून, हात खाली लोंबते ठेवूनच उभा राहत असशील. जुलै २०१९, बेन ॲस्क्रेन विरुद्ध होर्हे मासविडाल. ॲस्क्रेन २००८ ची ऑलिंपिक खेळलेला. घंटा झाली, ॲस्क्रेन पटासाठी वाकला, मासविडाल पळत आला आणि उडून गुडघा मारला. पाच सेकंद. यूएफसीतला सगळ्यात झटपट नॉकआऊट तो. इतक्या वर्षांची कुस्ती, आणि डोकं खाली घालायची एक सवय.

तिसरं, ग्लोव्ह्ज. बॉक्सिंगच्या लढतीत ८ किंवा १० औंसांचे असतात, एमएमएत ४ औंसांचे. बॉक्सर दोन्ही हात गालांशी घेऊन मागे दडतो ती भिंत जाड ग्लोव्ह्जमुळे भिंत असते. ४ औंसांत तिच्या फटीतून सगळं आत येतं. म्हणून हात वर ठेवणं पुरत नाही, पाय हलवून बाजूला व्हायला शीक. हॉलमधल्या सरांना सांग की मला फुटवर्क जास्त द्या. ते खूश होतील. बहुतेक पोरं फुटवर्क टाळतात.

आणि जर वाटत असेल की नुसतं बॉक्सिंग उत्तम आलं की झालं, तर ऑगस्ट २०१० ची बॉस्टनची लढत बघ. जेम्स टोनी, अनेक वजनगटांत जागतिक विजेता राहिलेला, बॉक्सिंगमधला खरा उस्ताद. समोर ४७ वर्षांचा रँडी कुटुर, कुस्तीगीर. कुटुरनं घोट्याजवळचा पाय उचलला, टोनी पडला, आणि पहिल्याच राउंडमध्ये गळा आवळून प्रकरण संपलं. तुझ्या तालमीतल्या नवशिक्या पोरानंही तो एकेरी पट सोडवला असता.

मुआय थायबद्दल तुझा मित्र अर्धा खरा बोलतोय. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन पाय. अंतराचा जवळजवळ सगळा पल्ला त्यात येतो. त्यातलं तुझ्या सगळ्यात कामाचं आहे ते क्लिंच, म्हणजे उभ्यानं मान धरून गुडघे मारणं. ऑक्टोबर २००६ मध्ये अँडरसन सिल्व्हानं रिच फ्रँकलिनची मान दोन्ही हातांनी अशी धरली की फ्रँकलिनला ती तीन मिनिटांत सोडवताच आली नाही. गुडघ्यांनी नाक मोडलं, विजेतेपद गेलं. हे बघताना तुला काय दिसेल माहीत आहे? मान दाबणं. तू ते रोज करतोस. फ्रँकलिनला येत नव्हतं ते तुला येतं, आणि सिल्व्हानं त्यावर जे गुडघे लावले ते तुला शिकायचे आहेत. मानेवर कब्जा घेण्याची ताकद पैलवानाइतकी कोणाची नसते, त्यामुळे थाय क्लिंच तू इतरांपेक्षा लवकर उचलशील. एवढ्यासाठीच कोल्हापूरचं तिकीट वसूल आहे.

त्याशिवाय तिथून पुश किक घे, थाय लोक तिला टीप म्हणतात. पोटावर तळवा टेकवून माणूस लांब ठेवायचा. आणि लो किक, म्हणजे पायावर येणारी लाथ, कशी अडवायची ते शीक : नडगी बाहेर वळवून, वेळेवर. मारायला नंतर शिकलास तरी चालेल. अडवणं आधी.

उंच लाथांच्या मोहात मात्र लगेच पडू नकोस. बँकॉकच्या राजादम्नर्न किंवा लुंपिनी स्टेडियममध्ये लाथ पकडली आणि माणूस पडला तर रेफ्री थांबवतो आणि उठवतो. केजमध्ये पडलेल्याला कोणी उठवत नाही. तुझ्यासारखा पाय धरणारा समोर असला तर लाथ म्हणजे आयता हातात दिलेला पट. आणि तयारी न करता, हातांनी लक्ष विचलित न करता मारलेली लो किक मारणाऱ्याच्याच अंगावर येते. डिसेंबर २०१३ मध्ये अँडरसन सिल्व्हाची लाथ क्रिस वाइडमननं गुडघा वळवून अडवली आणि सिल्व्हाची नडगी मोडली. नशिबाचा खेळ बघ, एप्रिल २०२१ मध्ये त्याच वाइडमननं युराया हॉलला लढतीतली पहिलीच लाथ मारली आणि त्याचीही नडगी तशीच मोडली. लाथ नेहमी ठोशांच्या मागे लपवून मारायची. हे सगळ्यात चांगलं नेदरलँड्सचे किकबॉक्सर करतात : तीन ठोसे वर, समोरच्याचे हात वर गेले की लाथ खाली. कोल्हापूरला तुला जे कोण शिकवतील त्यांना म्हण, मला असा डच पद्धतीचा जोड सराव द्या. बहुतेकांना माहीत असतो.

आता काका. त्यांच्यावर मी कौतुकानं लिहिणार आहे, त्यामुळे हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवलास तरी चालेल. शोटोकान कराटेत एक गोष्ट आहे जी बॉक्सिंगमध्येही तितकी नाही : लांबून आत येणं, मारणं, आणि समोरच्यानं हात हलवायच्या आत बाहेर असणं. ब्राझीलच्या लियोटो माचिदाला हे वडिलांनी शिकवलं, आणि मे २००९ मध्ये रशाद इव्हान्सला नॉकआऊट करून तो विजेता झाला तेव्हा त्याला नीट ठोसा कोणी मारूच शकत नव्हतं. काकांकडून हेच माग. काता, म्हणजे ठरावीक हालचालींचे संच, नकोत, बेल्ट नको. 'काका, मला आत-बाहेर शिकवा.' रोज अर्धा तास. पण गुणांच्या कराटे लढतीत स्पर्श झाला की पंच थांबवतो, म्हणून कराटेवाल्याला मारल्यावर तिथेच हात खाली सोडायची खोड असते. केजमध्ये कोणी थांबवत नाही. माचिदाचं विजेतेपदही वर्षभरात गेलं. मे २०१० मध्ये शोगुन हुआनं त्याला पहिल्याच राउंडमध्ये पाडलं. हा भाग काकांना वाचून दाखवायचा की नाही ते तू ठरव.

तायक्वांदोबद्दल फार लिहीत नाही. अँथनी पेटिसनं डिसेंबर २०१० मध्ये पिंजऱ्याच्या जाळीवर पाय देऊन हवेतून मारलेली लाथ तू शंभर वेळा बघितली असशीलच. मीही बघितली आहे. ती लाथ लहानपणापासूनच्या सरावाची होती, २० व्या वर्षी सुरू करून नाही जमत.

एक शैली मात्र तुझ्या पत्रात नव्हती आणि असायला हवी होती. वुशू या चिनी युद्धकलेतला सांडा. ठोसे, लाथा आणि उभ्यानं उचलून आपटणं, तिन्हींना गुण. लाथ पकडून पाडणं हा तर त्याचा आवडता प्रकार. २०१९ ला चीनची पहिली यूएफसी विजेती झालेली झांग वेईली सांडाच्या तालमीतली. आपल्याकडेही तो खेळ गंभीरपणे खेळला जातो : मणिपूरच्या रोशिबिना देवीनं हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सांडामध्ये रौप्य मिळवलं, आणि जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरलेली उत्तर प्रदेशची पूजा तोमर मूळची वुशूचीच. कुस्तीगिराला मारणं शिकायचा हा कदाचित सगळ्यात सोपा दरवाजा. तुझ्या भागात सांडाचा चांगला शिक्षक निघाला तर माझं बॉक्सिंगचं उत्तर बाजूला ठेव आणि तिकडे जा. खरंच.

तेव्हा शिक्षकाबद्दलही एक सांगून टाकतो, कारण शैलीपेक्षा त्यावर जास्त अवलंबून आहे. हॉलमध्ये जाऊन एक संध्याकाळ नुसता बसून राहा. पोरं एकमेकांशी खेळतात की नुसती पिशवी बडवतात? नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात जुन्याच्या अंगावर सोडतात का? सोडत असतील तर उठून निघ, कितीही मोठी ट्रॉफी भिंतीवर असली तरी. एका ठिकाणी मी सुरुवातीला शिकलो तिथे हीच पद्धत होती आणि माझ्याबरोबर आलेल्या आठ पोरांपैकी महिनाअखेर दोघं उरलो होतो. सर त्याला 'गाळणी' म्हणायचे.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या गोष्टीकडे येतो, ज्यासाठी खरं तर हे पत्र उत्तराला घेतलं. पैलवानाचं स्वतःचं असं एक मारणं असतं आणि ते कुठल्याच शैलीच्या पुस्तकात नाही. समोरच्याला तुझ्या पटाची भीती असते. भीतीनं त्याचे हात खाली येतात, कंबर मागे जाते, नजर तुझ्या खांद्यावर. त्याच क्षणी पटाची हूल देऊन वरून उजवा ठोसा फेकायचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये लास व्हेगासला रशियाचा कुस्तीवाला खबीब आणि मॅकग्रेगर आठव. पहिला राउंड खबीबनं खालीच घालवला. दुसऱ्यात मॅकग्रेगर पुन्हा पट येणार म्हणून सावध, आणि खबीबचा उजवा हात वरून असा आला की जगातला एवढा मोठा ठोसेबाज खाली बसला. त्याला ठोशानं पाडणारा खबीब बॉक्सिंगमध्ये त्याच्या जवळपासही नव्हता. डॅन हेंडरसन हा ग्रीको-रोमन कुस्तीत दोन ऑलिंपिक खेळलेला माणूस. त्याच्याकडे उजवा हात सोडून फारसं काही नव्हतं आणि जुलै २००९ मध्ये त्यानं त्याच एका हातानं मायकेल बिस्पिंगला आडवा केला. आणि आजचं उदाहरण हवं असेल तर इलिया टोपुरिया. लहानपणी जॉर्जियात ग्रीको-रोमन कुस्ती, मग स्पेनमध्ये बॉक्सिंगचे हात. फेब्रुवारी २०२४ ला त्यानं तेव्हाच्या विजेत्या वोल्कानोव्स्कीला नॉकआऊट केलं, ऑक्टोबरमध्ये मॅक्स हॉलोवेला, ज्याला त्याआधी कोणीच नॉकआऊट केलं नव्हतं. २०२५ मध्ये तो ७० किलोंचाही विजेता झाला. तुझंच वजन.

हे शिकायला गुरू लागत नाही, तालमीतला जोडीदार पुरतो. त्याला म्हण, मी कधी पट काढीन, कधी हात फक्त डोक्याला लावीन, तू ओळखून दाखव. पन्नासदा कर. दोन्हींची सुरुवात एकसारखी दिसेपर्यंत कर. ढाक मारताना हाताआधी कंबर वळते ना, ठोशातही तेच. जोर काढून कमावलेल्या खांद्यानं ढकललास तर तो ठोसा नुसता धक्का होतो.

एक सावधगिरी फक्त कुस्तीवाल्यांसाठी. मातीत आणि मॅटवर गळा आवळत नाहीत, त्यामुळे पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला, खाली ठेवायची आपल्याला भीती नसते. केजमध्ये ती मान गिलोटिनमध्ये, म्हणजे काखेत धरून गळा आवळायच्या डावात, जाते. यूएफसीत उतरलेला भारत खंडारे हा आपल्याकडचा कुस्तीतून आलेला खेळाडू नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला सोंग याडोंगकडून पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिननेच हरला. तेव्हा ठोसे शिकतानाच आठवड्यातून एक दिवस जुजुत्सूवाल्या कोणाबरोबर तरी मान वाचवायचा सराव ठेव.

वस्तादांपासून लपवू नकोस. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर त्यांना ठोशांपेक्षा ते जास्त लागेल. सकाळची तालीम आटोपल्यावर, बाकीची पोरं पांगल्यावर, एकटा बस आणि सांग की चैत्र-वैशाखातले फड मी नेहमीसारखे खेळणार आहे, हॉलला जूनपासून जाईन आणि तेही संध्याकाळी. अंग आखडतं हे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. नवशिक्या बॉक्सर खांदे कानाशी नेऊन, दात आवळून मारतो, आणि ते आखडलेले खांदे कुस्तीत खरंच आड येतात. रोज दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मार आणि ठोसा मारताना श्वास सोड, म्हणजे तक्रारीला जागा उरणार नाही. महिन्याभरानं त्यांनाच विचार, फरक पडला का. विचारलेलं वस्तादांना आवडतं.

डोक्याचं तू विचारलं नाहीस, पण आईनं विचारलं असेल. कुस्तीत रोज जोड घेतो तसं रोज एकमेकांना जोरानं मारायचं नसतं. हेडगार्डनं कातडी फाटत नाही, मेंदू मात्र आत हलायचा तो हलतोच. पूर्ण जोरानं सराव महिन्यातून एखाद्या वेळी, बाकी सगळं हलक्या हातानं. डोक्याला ठोसा लागून चक्कर आली, उलटी झाली, दिवा डोळ्यांना सहन होईना, तर त्या दिवशी सराव बंद, डॉक्टरकडे जायचं, आणि ते हो म्हणेपर्यंत हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही. 'पैलवान आहे, काही होत नाही' हे वाक्य मांडीला लागलेल्या मारासाठी ठीक आहे.

आणि ग्लोव्ह्ज. जोडीदाराबरोबर खेळायला १६ औंसांचे, वेल्क्रोचे. लेसवाले बांधायला रोज कोण भेटणार? पिशवीवर मारायला हॉलमधले जुने चालतील, आधी आत हात घालून वास मात्र घेऊन बघ. एमएमएचे ४ औंसांचे इतक्यात घेऊ नकोस, ते हातात आले की पोरं एकमेकांचे दात पाडतात. हातावर गुंडाळायच्या पट्ट्या साडेचार मीटरच्या, दोन जोड, म्हणजे एक धुवायला पडली तरी दुसरी असते. माउथगार्ड गरम पाण्यात टाकून दातांवर बसवायचा साधा घे, पहिल्या दिवसापासून. आणि नखं काप, ती तालमीत वस्ताद कापायला लावतच असतील.